ड्रॅगन बॉल झी: साइड कॅरेक्टर आणि फिलर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'ड्रॅगन बॉल झी' या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या गोकू आणि व्हेजिटा या मुख्य योद्ध्यांबद्दल फारसं कोणी विचारत नाही, त्यांची सगळी माहिती सगळ्यांना असतेच. मला सतत येतात ते प्रश्न वेगळ्या माणसांचे असतात: यामचाचं पुढे काय झालं, लाँच कुठे गेली, गार्लिक ज्युनिअर मोजायचा की नाही. आपल्याकडे अनेकांनी ही मालिका दोन हजारच्या दशकात कार्टून नेटवर्कवर, शाळेतून आल्यावर, मधले भाग चुकवत पाहिली. त्यामुळे कुठली गोष्ट मूळची आणि कुठली मागाहून घातलेली, याचा गोंधळ साहजिक आहे. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कथेतले शेवटापर्यंतचे प्रसंग उघड सांगितले आहेत, तेव्हा मालिका पहिल्यांदाच पाहत असाल तर आधी पाहून घ्या.

१. फिलर म्हणजे नेमकं काय?

अकिरा तोरियामांनी १९८४ ते १९९५ या काळात 'शोनेन जंप' साप्ताहिकात काढलेला मांगा (जपानी चित्रकथा) म्हणजे मूळ कथा. त्याची ५१९ प्रकरणं आहेत. तोएई अ‍ॅनिमेशनने त्यावरून मालिका केली. मांगामध्ये नसलेला आणि मालिकेच्या लेखकांनी स्वतः रचून घातलेला मजकूर म्हणजे फिलर. मराठीत 'भरती' म्हणता येईल, पण सगळे फिलरच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. फिलर म्हणजे 'वाईट भाग' असा अर्थ होत नाही. तो मजकूर कुठून आला एवढंच त्या शब्दातून कळतं. चांगला की वाईट हे पाहूनच ठरवायचं.

२. फिलर घालायची गरजच काय होती? मांगा पुढे जाईपर्यंत थांबले का नाहीत?

कारण मांगा आणि मालिका एकाच वेळी चालू होते, आणि दोन्ही दर आठवड्याला. मांगाचं एक प्रकरण साधारण पंधरा पानांचं. मारामारीच्या प्रकरणात त्यातली निम्मी पानं ठोशांची आणि उडण्याची. तेवढ्यावर वीसेक मिनिटांचा भाग उभा करायचा तर मालिका महिन्या-दोन महिन्यांत मांगाच्या मागे येऊन उभी राहणार.

आकड्यांतून हे नीट दिसतं. पहिल्या 'ड्रॅगन बॉल' मालिकेत १९४ प्रकरणं १५३ भागांत बसवली. २६ एप्रिल १९८९ रोजी सुरू झालेल्या 'झी'मध्ये उरलेली ३२५ प्रकरणं २९१ भागांत पसरली. म्हणजे एका भागाला जेमतेम एक प्रकरण. आजच्या मालिका बारा-तेरा भाग दाखवून वर्षभर थांबतात. त्या काळी बुधवारची वेळ मिळाली की ती सोडायची नसे, कारण सोडली तर ती दुसऱ्या कार्यक्रमाला जाणार. मग लेखकांपुढे दोनच वाटा उरत: आहे ते ताणायचं (प्रश्न १२ पाहा), नाहीतर नवीन काहीतरी रचायचं.

३. साइड कॅरेक्टरचा आणि फिलरचा एवढा संबंध का जोडला जातो?

कारण नवीन रचताना लेखकांचे हात बांधलेले होते. गोकूला नवी ताकद देता येत नाही, खलनायकाला मारता येत नाही. पुढच्या आठवड्यात तोरियामा काय काढतील हे माहीत नसताना मुख्य कथेला धक्का लावणं शक्यच नव्हतं. मग हाताशी उरतात ती मांगाने बाजूला ठेवलेली माणसं. यामचा, तेनशिनहान, चाओझू, लाँच, ची-ची यांचं त्या वेळी काय चाललं होतं, हे दाखवायला कोणाची आडकाठी नव्हती.

तोरियामांची कथा फार वेगाने पळते आणि मागे राहिलेल्यांकडे वळून पाहत नाही. मागे राहिलेली ही माणसं फिलरमध्ये जगतात. मला फिलरबद्दल जिव्हाळा आहे तो यामुळेच. पुढची बरीच उत्तरं याच समजुतीतून लिहिली आहेत.

४. समोर चालू असलेला भाग फिलर आहे हे कसं ओळखायचं?

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मांगा हातात घेऊन ताडून पाहणं. ते जमत नसेल तर 'ड्रॅगन बॉल झी काई' पाहा. २००९ साली आलेली ही त्याच मालिकेची पुनर्संपादित आवृत्ती. सेल या खलनायकाच्या अंतापर्यंतची १९४ भागांची गोष्ट तिथे ९८ भागांत आटोपते. त्यातला शेवटचा भाग जपानमध्ये टीव्हीवर न दाखवता थेट घरगुती व्हिडिओवर आला. 'काई'मध्ये नसलेला प्रसंग बहुतेक वेळा फिलर असतो. पण ही कसोटी शंभर टक्के धरू नका, कारण 'काई'मध्येही काही भरतीचे तुकडे राहिले आहेत, विशेषतः शेवटचा खलनायक बू याच्या पर्वात.

आणखी एक खूण आहे. भाग संपल्यावर सगळे जण भाग सुरू होताना होते तिथेच, तेवढ्याच ताकदीचे उरले असतील आणि त्या भागात भेटलेल्या माणसाचं नाव पुढे कोणी काढत नसेल, तर तो बहुधा फिलर.

५. तुमचे भाग क्रमांक माझ्याकडच्या यादीशी जुळत नाहीत. कोण चुकतंय?

कोणीच नाही. अमेरिकेत पहिल्यांदा दाखवताना सुरुवातीचे ६७ भाग कापून ५३ केले होते. त्यामुळे जुन्या इंग्रजी याद्या १४ क्रमांकांनी मागे चालतात. या पानावरचे 'झी'चे सगळे क्रमांक मूळ जपानी २९१ भागांच्या क्रमाने दिले आहेत.

६. वेळ कमी आहे. काय वगळलं तरी कथा कळेल?

पूर्ण फिलर असलेलं मोठं पर्व एकच, गार्लिक ज्युनिअरचं, भाग १०८ ते ११७. त्यानंतर परलोकातली स्पर्धा, भाग १९५ ते १९९. नामेक ग्रहाला जाताना क्रिलिन, गोकूचा मुलगा गोहान आणि बुल्मा वाटेत खोट्या नामेकवर उतरतात ते भागही गाळता येतील. व्हेजिटा आणि नापा पृथ्वीकडे येताना आर्लिया नावाच्या कीटकांच्या ग्रहावर थांबतात, तोही तसाच.

गोकूचा भाऊ राडिट्झ मेल्यापासून व्हेजिटा पृथ्वीवर उतरेपर्यंत जवळजवळ पंधरा भाग जातात आणि त्यातला मोठा हिस्सा भरतीचा आहे. पण तिथे सरसकट उडी मारू नका. गोहानचं पिकोलोबरोबर राहणं मूळ कथेत आहे: रानात एकटं टाकणं, पौर्णिमेला महावानर होणं, पिकोलोने चंद्र फोडणं. त्याला भेटणारा जुना यंत्रमानव आणि अनाथ मुलं मात्र मालिकेची. सर्पमार्गावरून गोकू खाली नरकात पडतो आणि पुढे सर्पराजकन्येच्या महालात अडकतो, तेही मालिकेचंच. मांगामध्ये तो दहा लाख किलोमीटरचा रस्ता गोकू सरळ पळत जातो.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्यांदा पाहताना सेलपर्यंत 'काई' पाहा. कथा आवडली की मग 'झी'मधले १२५ आणि १९५ ते १९९ हे भाग वेगळे काढून पाहा. कारणं प्रश्न १३ आणि १४ मध्ये दिली आहेत.

७. गार्लिक ज्युनिअर अचानक कुठून उगवतो? सगळे त्याला आधीपासून ओळखत असल्यासारखे का वागतात?

कारण ते त्याला चित्रपटात भेटले आहेत. जुलै १९८९ मध्ये आलेल्या 'झी'च्या पहिल्या चित्रपटात तो खलनायक होता. इच्छा पूर्ण करणाऱ्या ड्रॅगन बॉलकडे अमरत्व मागून घेतो आणि शेवटी स्वतःच उघडलेल्या पोकळीत अडकून पडतो. तो अमर असल्यामुळे पुन्हा आणणं सोपं होतं. नामेकचं पर्व संपल्यावर गोकू यार्ड्राट ग्रहावर आणि व्हेजिटा अंतराळात, म्हणजे दोन्ही मोठे योद्धे नसलेला काळ लेखकांना आयताच मिळाला. माक्यो तारा पृथ्वीजवळ येतो, गार्लिक सुटतो, काळ्या धुक्याने सगळ्या माणसांना दुष्ट बनवतो आणि पृथ्वीच्या देवाला व त्याच्या सेवकाला, मिस्टर पोपोला, बाटलीत कोंडतो. मग पिकोलो, क्रिलिन आणि गोहान या तिघांवर सगळा भार येतो.

अडचण काळाच्या हिशेबाची आहे. 'झी'च्या पहिल्याच भागात गोकू लहानग्या गोहानला घेऊन कासवबेटावर जातो आणि क्रिलिन, बुल्मा, रोशी त्याला पहिल्यांदा पाहतात. चित्रपटात मात्र राडिट्झचं नाव निघण्यापूर्वीच गोहान पळवला जातो आणि क्रिलिन त्याच लढाईत हजर असतो. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. चित्रपट कथेच्या बाहेरचा धरला तर त्यावर उभं असलेलं हे दहा भागांचं पर्वही आपोआप बाहेर जातं.

तरीही हे पर्व टाकाऊ नाही असं माझं मत आहे. गोहानने बापाची वाट न पाहता स्वतः माक्यो तारा फोडून संकट संपवलं, हे सेलच्या कितीतरी आधी इथे घडतं. गोहानचा लाडका छोटा ड्रॅगन इकारस इथे भेटतो. तोही चित्रपटातूनच आलेला आहे.

८. मारोन क्रिलिनची मैत्रीण आहे की मुलगी?

दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. गार्लिक ज्युनिअरच्या पर्वात निळ्या केसांची, बुल्मासारखी दिसणारी मारोन ही क्रिलिनची मैत्रीण. ती फक्त मालिकेतली. बूच्या पर्वात दिसणारी लहानगी ही क्रिलिन आणि अँड्रॉइड १८ यांची मुलगी. ती मांगामधली. जपानी लिपीत दोन्ही नावांचा उच्चार किंचित वेगळा आहे, आपल्याकडे येईपर्यंत तो फरक पुसला गेला. नावं एवढी जवळ का, ते प्रश्न १८ मध्ये आहे.

९. यामचा खरंच एवढा कमजोर आहे का?

हा मला सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि त्यातला सूर मला आवडत नाही.

यामचा सुरुवातीला वाळवंटातला दरोडेखोर आहे, आणि गोकूला पहिल्यांदा अडवणाऱ्यांपैकी एक. पहिल्या मालिकेत तो दर स्पर्धेत उतरतो आणि दर वेळी पहिल्याच मोठ्या फेरीत बाहेर पडतो. 'झी'मध्ये सायबामन नावाचा छोटा राक्षस त्याला मिठी मारून स्वतःसकट फुटतो आणि खड्ड्यात आडवा पडलेला यामचा हे मालिकेतल्या खूप फिरलेल्या चित्रांपैकी एक आहे. त्या चित्राचे पुतळेसुद्धा विकले गेले.

पण प्रसंग पुन्हा पाहा. क्रिलिन पुढे जायला निघाला होता. ड्रॅगन बॉलने एकदा जिवंत झालेल्याला दुसऱ्यांदा उठवता येत नाही, म्हणून यामचा त्याला मागे सारून स्वतः उतरतो. तो सायबामनला सरळ लढाईत हरवतो. नंतर दगा होतो. लोकांच्या लक्षात फक्त खड्डा राहिला.

फिलरने यामचाला एक मोठी गोष्ट दिली: बेसबॉल. व्हेजिटा येण्यापूर्वीच्या भरतीच्या भागांत तो पोट भरण्यासाठी एका बेसबॉल संघात खेळताना दिसतो. मांगामध्ये याचा मागमूस नाही. बऱ्याच वर्षांनी 'ड्रॅगन बॉल सुपर' या पुढच्या मालिकेच्या ७० व्या भागात दोन विश्वांमध्ये बेसबॉलचा सामना होतो. तिथे एकट्या यामचाला हा खेळ येत असतो. बाकीचे देवासारखे योद्धे नियम विसरून भांडत बसतात, आणि तो आपल्या संघासाठी धाव पूर्ण करतो. धाव संपवून पडतो तोही अगदी त्या खड्ड्यातल्या ठेवणीत. कितीतरी वर्षांपूर्वीच्या भरतीच्या एका तुकड्यातून यामचाचा सर्वांत चांगला दिवस उगवला.

१०. लाँच कुठे गेली? शिंकली की केस सोनेरी व्हायचे ती.

तोरियामा तिला विसरले. हे त्यांनी स्वतः मुलाखतीत मान्य केलं आहे. मांगामध्ये राडिट्झच्या वेळी एवढंच कळतं की ती तेनशिनहानच्या मागे निघून गेली. नंतर ती येतच नाही.

मालिकेच्या लेखकांना मात्र ती आठवत होती. 'झी'च्या सुरुवातीच्या भरतीच्या प्रसंगांत ती तेनशिनहानला शोधत हिंडताना दिसते, आणि तो मेल्याचं कळल्यावर दारूच्या गुत्त्यात बसलेली दिसते. दोन स्वभावांची ही बाई कोणाच्या तरी प्रेमात एवढी बुडाली होती, हे आपल्याला फक्त फिलरमुळे माहीत आहे. त्यानंतर बराच काळ तीही नाही आणि तिचं नावही नाही. शेवटी एकदा दिसते, ते प्रश्न २० मध्ये.

११. तेनशिनहान, यामचा आणि चाओझू राजा काईच्या (परलोकातल्या गुरूच्या) ग्रहावर गिन्यूच्या टोळीला (खलनायक फ्रिझाच्या खास योद्ध्यांना) हरवतात. मग ते फ्रिझापर्यंत का पोहोचले नाहीत?

कारण ती लढाई फिलर आहे. मांगामध्ये हे तिघे राजा काईकडे सराव करतात एवढंच येतं. नामेकवर मेलेले रिकूम, बर्टर, जीस आणि गुल्डो तिथे येऊन धडकतात, हा भाग मालिकेचा. आता हिशेब घाला: रिकूमने व्हेजिटाला लोळवलं, गोहानची मान मोडली, आणि थोड्याशा सरावाने यामचा त्या पातळीवर गेला? पुढच्या कुठल्याच घटनेत हे बसत नाही. फिलरमधली हार-जीत ताकदीच्या तुलनेत धरू नका, हा एक नियम पाळला तर अर्धे वाद संपतात.

तेनशिनहानला मोठेपणा द्यायला फिलरची गरजच नाही. नापासमोर एक हात तुटलेला असताना त्याने उरलेला जीव लावून शेवटचा किकोहो (त्याचा खास ऊर्जेचा वार) मारला. सेलचं दुसरं रूप अँड्रॉइड १८ च्या मागे लागलं तेव्हा हाच माणूस वरून एकामागून एक किकोहो मारत राहिला आणि सेलला खड्ड्यात दाबून धरलं. तो सेलला मारू शकत नव्हता आणि ते त्याला माहीत होतं. १७ गिळला गेला होता, १८ ला आणि १६ ला पळायला वेळ हवा होता, तो त्याने मिळवून दिला. हा प्रसंग मांगामधला आहे. पूर्ण मालिकेत माणसाच्या जातीच्या योद्ध्याने याहून मोठं काही केलं असेल असं मला वाटत नाही.

१२. नामेक पाच मिनिटांत फुटणार म्हणतात आणि नऊ-दहा भाग फुटत नाही. हे सगळं फिलर आहे का?

सगळं नाही. गोकू आणि फ्रिझाची लढाई मूळचीच लांब आहे. पण त्यात भरलेले तुकडे खूप आहेत: दगड उडतात, लाव्हा उसळतो, दूरवर कोणी दचकतो, राजा काई घाम पुसतो. झीमधली बहुतेक भरती अशीच आहे, मूळ भागाच्या पोटात लपलेली. म्हणून फिलरच्या याद्या पूर्णपणे खऱ्या नसतात. यादीत 'मूळ' लिहिलेल्या भागातसुद्धा सात-आठ मिनिटं वाढवलेली असू शकतात.

या ताणण्यातच कधीतरी पूर्ण नवा प्रसंगही जन्मतो. गिन्यू बेडकाच्या शरीरात अडकतो ते मांगामध्ये आहे. त्याच बेडकाकडून बुल्माचं शरीर बळकावलं जातं ते मालिकेचं.

१३. भाग १२५, ड्रायव्हिंग लायसन्सचा. मारामारीच्या मालिकेत हा आहे कशाला?

भविष्यातून आलेल्या ट्रंक्सने तीन वर्षांनी अँड्रॉइड येणार असं सांगितलं आहे. तो मधला काळ मांगामध्ये पटकन संपतो. मालिकेने त्यात एक दिवस उघडला. गोकूची बायको ची-ची म्हणते, घरात गाडी आहे पण चालवता कोणालाच येत नाही, तेव्हा लायसन्स काढा. मग गोकू आणि पिकोलो दोघे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जातात. पिकोलो टोपी आणि साधे कपडे घालून, चेहऱ्यावर नेहमीचा गंभीरपणा ठेवून स्टिअरिंगमागे बसतो.

या भागाने पिकोलोला घरातला माणूस केलं. एकेकाळी गोकूला मारायला जन्मलेला पिकोलो ची-चीच्या सांगण्यावरून रांगेत उभा राहतो. पुढच्या कथांमध्ये पिकोलो गोहानच्या मुलीला, पानला, सांभाळतो तेव्हा ते सहज पटतं. त्यामागे मांगाइतकाच या एका भागाचा हात आहे, असं मला नेहमी वाटत आलं आहे. लायसन्स दोघांनाही मिळत नाही.

१४. पिक्कॉन एवढा ताकदवान आहे, मग बूच्या वेळी त्याला का बोलावत नाहीत?

तो मांगामध्येच नाही. सेलबरोबर मेल्यावर गोकू परलोकात जातो आणि तिथे चार दिशांच्या काईंचे (तिथल्या देवांचे) मेलेले योद्धे स्पर्धेत उतरतात. पिक्कॉन पश्चिमेचा. त्याची आणि गोकूची शेवटची लढत दोघेही छताला लागल्यामुळे बाद ठरते. नंतर तो १९९५ च्या एका चित्रपटात येतो, मूळ कथेत मात्र कधीच नाही.

हे पाच भाग वगळू नका असं मी म्हणतो, कारण गोकू आणि दुसरा योद्धा निव्वळ लढण्याच्या आनंदासाठी भिडतात, पृथ्वी वाचवायची नसते, कोणाचा सूड नसतो, अशी स्थिती 'झी'मध्ये फार दुर्मिळ आहे. पहिल्या मालिकेतल्या तेन्काइची बुदोकाई या कुस्ती-मारामारीच्या स्पर्धेची हवा इथे परत येते.

१५. बार्डॉक फिलर आहे का?

सुरुवातीला होता, नंतर राहिला नाही. गोकूचा बाप बार्डॉक १७ ऑक्टोबर १९९० रोजी दाखवलेल्या खास टीव्ही भागात आला. कथा मालिकेच्या लेखकांची होती. ती तोरियामांना आवडली आणि त्यांनी त्याला मांगाच्या ३०७ व्या प्रकरणात, फ्रिझाच्या आठवणीतल्या एका चौकटीत घेतलं. एका चौकटीने तो मूळ कथेत आला. पुढे त्यांनी २०१४ साली बार्डॉकची गोष्ट स्वतः पुन्हा लिहिली, आणि त्यात त्याचा स्वभाव बराच मऊ आहे. त्यामुळे आता दोन बार्डॉक आहेत. 'कोणता खरा' असं विचाराल तर तोरियामांचा. 'कोणता चांगला' असं विचाराल तर मी जुन्याच्या बाजूने आहे. आपण ज्या फ्रिझासाठी ग्रह ओसाड केले तोच आपल्याला संपवणार हे कळल्यावर एकटा उभा राहणारा बाप मला जास्त खरा वाटतो.

१६. चित्रपट आणि 'जीटी' हे फिलर मोजायचे का?

फिलर हा शब्द तिथे लागू होत नाही, कारण ते चालू मांगाची वाट पाहताना भरलेले भाग नव्हेत. जुने चित्रपट स्वतंत्र गोष्टी आहेत. 'जीटी' ही १९९६-९७ ची ६४ भागांची मालिका मांगा संपल्यावर तोएईने पुढे नेलेली कथा आहे. तोरियामांनी नाव आणि काही रेखाटनं दिली, कथा त्यांची नाही.

अपवाद: ब्रोली आणि गोगेटा. दोघेही जुन्या चित्रपटांतले. २०१८ च्या 'ब्रोली' चित्रपटासाठी तोरियामांनी स्वतः कथा लिहिली तेव्हा ते मूळ कथेत आले. बार्डॉकसारखाच प्रवास, फक्त पंचवीसेक वर्षं उशिरा.

१७. 'सुपर'मध्ये फिलर आहे का?

अवघड प्रश्न. 'सुपर'ची रूपरेषा तोरियामांची, आणि तीवरून मालिका व मांगा दोन्ही वेगवेगळे बनले. मांगा ही मूळ संहिता नाही, त्यामुळे प्रश्न १ मधली व्याख्या इथे टिकत नाही. एक-एक भागाच्या सुट्या गोष्टींना लोक फिलर म्हणतात: ६९ व्या भागात तोरियामांच्या दुसऱ्या मांगातल्या आरालेशी गाठ, ७० व्यात बेसबॉल. म्हणायला हरकत नाही, पण त्या वगळू नका.

साइड कॅरेक्टर आवडणाऱ्यांनी 'सुपर'ची शेवटची स्पर्धा जरूर पाहावी. आठ विश्वांचे ऐंशी योद्धे, आणि सातव्या विश्वाच्या दहा जणांत क्रिलिन, तेनशिनहान, रोशी, १७ आणि १८. शेवटी एकटा उभा राहतो तो १७.

१८. सगळ्यांची नावं खाण्याची आहेत हे खरं का?

सगळ्यांची नाहीत, पण बऱ्याच जणांची आहेत. यामचा म्हणजे चहाबरोबर डिमसम खाण्याची चिनी पद्धत, चाओझू म्हणजे करंजीसारखी डंपलिंग, तेनशिनहान म्हणजे भातावर खेकड्याचं ऑम्लेट, ओलोंग आणि पूआर हे चहाचे प्रकार. सायान (गोकू आणि व्हेजिटाची जात) हे जपानी 'यासाई' म्हणजे भाजी या शब्दाची उलटापालट. फिलरच्या लेखकांनी ही रीत मोडली नाही. गार्लिकचे चार सेवक म्हणजे मसाला, व्हिनेगर, मोहरी आणि मीठ. पिक्कॉनचं जपानी नाव पाईकुहान हे भात आणि डुकराच्या बरगडीच्या पदार्थावरून. क्रिलिनच्या नावात 'कुरी' म्हणजे चेस्टनट, आणि मारोन म्हणजेही चेस्टनट. त्यामुळे मैत्रीण आणि मुलगी दोघींना एकच नाव चिकटलं.

१९. पहिल्या 'ड्रॅगन बॉल'मध्येही फिलर आहे का?

आहे, आणि शेवटचे पाच भाग (१४९ ते १५३) तर पूर्ण तेच. मांगामध्ये पिकोलोला हरवून गोकू ची-चीला घेऊन उडून जातो आणि पुढच्या पानावर पाच वर्षं गेलेली असतात. मालिकेने मध्ये लग्नाची गोष्ट घातली. ची-चीच्या बापाच्या डोंगराला आग लागते, ती विझवायला गोकू जगाच्या टोकाच्या भट्टीपर्यंत जातो, आणि तिथे त्याला मेलेले आजोबा गोहान काम करताना भेटतात. नव्या संसाराच्या उंबरठ्यावर आजोबांची भेट होते. ज्या आजोबांना आपणच अजाणता मारलं हे गोकूला ठाऊक नाही, त्यांच्यासमोर तो बायको घेऊन उभा राहतो. हे पाच भाग ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी आजच पाहावेत.

२०. साइड कॅरेक्टर शेवटी उपयोगी पडतात का, की फक्त मरायला असतात?

बूचा शेवट पाहा. गोकूला गेंकी दामासाठी, म्हणजे सगळ्यांकडून गोळा केलेल्या ऊर्जेच्या गोळ्यासाठी, पृथ्वीवरच्या माणसांची शक्ती हवी असते. व्हेजिटा मागतो, लोक ऐकत नाहीत. गोकू मागतो, तरी ऐकत नाहीत. अनोळखी आवाजाला कोण देणार? मग मिस्टर सेटन ओरडतो. सेलला आपणच मारलं अशी खोटी कीर्ती मिरवणारा, ज्याला एकही ऊर्जागोळा टाकता येत नाही असा माणूस. त्याला मात्र सगळी पृथ्वी ओळखते, आणि सगळ्यांचे हात वर जातात. हे मांगामधलं आहे, तोरियामांनी स्वतः लिहिलेलं.

मालिकेने हा प्रसंग आणखी लांबवला. पहिल्या मालिकेतली, वर्षानुवर्षं न दिसलेली माणसं एकेका चौकटीत हात वर करताना येतात. त्यात सोनेरी केसांची लाँचही आहे.